कोरड्या रस्त्याचा शनिवार

रेवा, ईशान,

मी मिरजेला परत येऊन तीन आठवडे झाले. सामान जागच्या जागी लागलं, औषधांचे डबे भरून झाले, आणि तुमच्या बाबाने फोनवर तीनदा विचारलं, "न्यूझीलंड कसं होतं?" तिन्ही वेळा मी "छान" म्हणाले. देश खरोखरच छान आहे. पण मी देश बघायला गेले नव्हते. निखिलकाका वर्षभर तुमचे फोन का घेत नव्हता, हे तुम्हांला कोणी सांगितलं नाही, कारण आपल्याकडे असं काही मुलांना सांगत नाहीत. तुम्ही आता इतके लहान राहिला नाहीत. लिहू का, असं मी काकाला विचारलं, तो म्हणाला, "लिही, पण तुझं पण लिही." म्हणून तुमची आजी स्वतःचंही लिहिते आहे.

टाकानिनी ते ताइहापे

जुलै म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. इथे आषाढ चालू असतो आणि तिथे आपल्या पौषाच्या दुप्पट थंडी. ऑकलंडच्या विमानतळावर खाण्याच्या वस्तू जाहीर कराव्या लागतात. मी घरूनच यादी टाइप करून नेली होती: भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, मेथीदाणे, अळीव, सगळं वजनासह. अधिकारी मुलगी म्हणाली, इतकी व्यवस्थित यादी आजवर कोणी दिली नाही. आणि मेथी आणि अळीव काढून घेतले. यादी नीट असली म्हणून बियाणं आत सोडत नाहीत.

पहिली रात्र ऑकलंडजवळच्या टाकानिनीला, रुचाकाकूच्या मावसबहिणीकडे काढली. नव्या वसाहतीतली सगळी घरं करडी, कुंपणं करडी, आभाळही त्याच डब्यातल्या रंगाने रंगवलेलं. पाच वाजता अंधार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. घरात शिरल्यावर मी स्वेटर काढायला लागले, तर मला सांगण्यात आलं की घरात शिरल्यावर इथे स्वेटर काढत नाहीत, दुसरा घालतात. तिकडची घरं लाकडाची, हलकी; बाहेरच्यापेक्षा आतच जास्त गारठा.

दुसऱ्या दिवशी रुचा गाडीने मला न्यायला आली. ती ताइहापेच्या शाळेत गणित शिकवते, सुट्टी काढून आली होती. वाटेतलं सगळं सांगत नाही, शेवटचा टप्पा तेवढा सांगते. तुरांगी नावाचं गाव सोडलं की रांगिपोपाशी एक मोठं लोखंडी फाटक लागतं, आपल्या रेल्वे फाटकासारखं. ते तेव्हा उघडं होतं. तिथून वायऊरूपर्यंत जो रस्ता आहे त्याला डेझर्ट रोड म्हणतात. वाळवंट म्हणावं असं तिथे काही नाही. पिवळट-तपकिरी गवताचे झुबके, विजेचे खांब, आणि डावी-उजवीकडे कुठेही माणसाचं घर नाही. रुआपेहू नावाचा मोठा डोंगर बाजूला आहे असं रुचा म्हणाली. तो ढगात होता. ती तोपर्यंत भरभर बोलत होती. एका वळणाआधी बोलणं थांबलं आणि तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.

"इथेच का?" मी विचारलं.

"आई, वायऊरूला कॉफी घेऊ या का? तिथे स्कोनही चांगले मिळतात," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं. स्कोन खरंच चांगले होते.

ताइहापे

आता काय झालं होतं ते. काका पामर्स्टन नॉर्थला शिकला आणि रस्त्यांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत लागला, हे तुम्हांला माहीत आहे. हिवाळ्यात त्याचं काम म्हणजे डेझर्ट रोडवर बर्फ धरणार का हे आधी ओळखणं, धरणार असेल तर खडी आणि बर्फ न धरू देणारं औषध टाकून घेणं, आणि अगदीच धोका असेल तर दोन्ही टोकांची फाटकं लावून रस्ता बंद करणं. गेल्या जुलैत एका पहाटे त्याने रस्ता तपासला, सावलीतल्या दोन वळणांवर खडी टाकून घेतली आणि तिसऱ्या वळणापुढे नोंदवहीत 'कोरडा' असं लिहिलं. कडेच्या दरडीतून पाणी झिरपत होतं, ते नंतरच्या तासाभरात गोठलं. आरोहा नावाची ताइहापेचीच बाई रोटोरुआला आपल्या आईकडे निघाली होती. तिची गाडी त्या वळणावरून घसरून खाली गेली. ती वाचली नाही.

चौकशी झाली. कोणाचीही चूक नाही असं ठरलं. काका कामावर परत गेला, पगार घेत होता, घरी येऊन जेवत होता. फक्त बोलत नव्हता. जूनमध्ये रुचाचा फोन आला, "आई, तुम्ही या. माझं आता काही चालत नाहीये."

मी गेले तेव्हा तो दारात उभा होता. वाकून नमस्कार केला, बॅग उचलली, "प्रवास नीट झाला ना?" विचारलं. पुढचे दोन दिवस एवढंच. जेवतानाही ताटाशेजारी लॅपटॉप उघडा. मुलगा एकाच विषयावर बोलणार असेल तर आईने तो विषय शिकून घ्यावा, असा विचार करून मी तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून शेजारी बसले.

"हे काय आहे?"

"रस्त्याचं तापमान."

"रस्त्याला वेगळं तापमान असतं?"

तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळला. "हवेचं बघायचंच नाही, आई. डांबरात सेन्सर पुरलेत. आभाळ निरभ्र असलं की रस्ता रात्रभर आपली ऊब वर सोडून देतो. हवा दोन डिग्री आणि रस्ता शून्याच्या खाली. ढग असले की पांघरूण घातल्यासारखं होतं. लोकांना ऊन आवडतं, मला ढग बरे वाटतात."

"आणि तो काळा बर्फ म्हणतात तो?"

"ब्लॅक आइस काळा नसतो. काचेसारखा असतो, खालचं डांबर दिसतं म्हणून काळा. रस्ता नुसता ओला वाटतो. कधी कधी..." तो थांबला आणि लॅपटॉप मिटला. "भात आहे का अजून?"

बुधवार

माझं घरातलं काम ठरून गेलं होतं. सकाळी शेगडीतली राख काढायची, लाकडं आणून रचायची, इडलीचं पीठ गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवायचं. तिकडच्या घरांत टाकीसाठी एक बंद कपाट असतं, कपडे वाळवायला. रुचाने त्यात कपड्यांच्या शेजारी पीठ आणि विरजण ठेवायची सोय केली आहे. माझ्या मोज्यांना एक दिवस इडलीचा वास येत होता.

बुधवारी अकराच्या सुमाराला घरातला फोन वाजला. वादळात मोबाइल बंद पडतात, म्हणून काकाच्या कामाच्या लोकांकडे तारेचा फोन अजून आहे. मी घेतला. तुम्हांला माहीत आहे, मी एकतीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात प्राचार्यांचे फोन घेतले. नाव, वेळ, निरोप, तीन रकाने. वही मी काकाच्या घरीही ठेवली होती.

"किआ ओरा," माओरी भाषेतला नमस्कार, पलीकडून जाड, संथ आवाजात आला. "निकचं घर ना?" तिथे काकाला सगळे निक म्हणतात. "मी वीरेमू. आरोहाचा नवरा."

मी बसले.

"शनिवारी दहा वाजता तिच्या दगडावरचं कापड काढणार आहोत. निकला सांगा, यायचं आहे. आणि आंटी, त्याला सांगा, मला त्याच्याशी बोलायचंय. वर्ष झालं आता."

तुम्हांला हे समजावून सांगायला हवं. माओरी लोकांत माणूस पुरल्यावर साधारण वर्षाने थडग्यावर दगड बसवतात, त्यावर कापड घालून ठेवतात आणि सगळे नातेवाईक जमले की ते काढतात. मग जेवण. आपलं वर्षश्राद्ध म्हणा. पण ज्याच्या कामात आपली बायको गेली असं वाटतं, त्याला आपण वर्षश्राद्धाला बोलावू का? मला तर एकच अर्थ लागला. सगळ्या नातेवाइकांसमोर उभं करून त्याला विचारणार. "मला त्याच्याशी बोलायचंय" याचा आपल्याकडे दुसरा अर्थ होत नाही.

मी "हो, सांगते, थँक यू" म्हणाले. नाव, वेळ, निरोप, तिन्ही रकाने भरले. संध्याकाळी रुचा आल्यावर तिला वही दाखवली.

तिने ते दोनदा वाचलं. "नका सांगू, आई. शुक्रवारी वादळ येतंय. त्याचं डोकं शांत हवं. शनिवार जाऊ दे."

"मग सांगू?"

"मग बघू."

काका आल्यावर मी त्याला विचारलं, "चहा ठेवू?" वही मी टेबलाच्या खणात ठेवून दिली.

गुरुवार आणि शुक्रवार

हवामान खात्याने गुरुवारी सकाळी पिवळा इशारा दिला होता, दुपारी तो नारिंगी झाला. काकाने नकाशा दाखवला. दक्षिणेकडून, थेट ध्रुवाकडची थंड हवा येत होती, वायव्येकडून समुद्रावरची ओल. "दोघी एका वेळी डोंगरावर पोचल्या तर सहाशे मीटर उंचीपर्यंत खाली बर्फ, म्हणजे रस्त्यावरही. चुकामूक झाली तर नुसता वारा आणि पाऊस. कोण आधी पोचणार हे सहा तासांच्या आत-बाहेर कोणालाच सांगता येत नाही."

मी त्याला म्हटलं, आपल्या पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. बेडूक असला, म्हैस असली की भरपूर, उंदीर असला की बेताचा. चुकलं तरी पंचांगवाल्याला कोणी फोन करत नाही.

"मला करतात," तो म्हणाला. मला वाटतं तो थोडासा हसला.

गावात तयारी कशी चालते ते बघण्यासारखं होतं. घाईगडबड कोणी करत नाही, पण दुपारपर्यंत दुकानातला पाव, दूध आणि गॅसच्या छोट्या टाक्या संपल्या. शेतकऱ्यांनी मेंढ्या उघड्या टेकड्यांवरून झाडांच्या आडोशाला आणल्या. ज्यांची लोकर नुकतीच काढलेली असते त्या पहिल्यांदा मरतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा इशारा निघतो. रुचाने माझ्याकडून यादी करून घेतली, कारण यादी करण्यात मला बरं वाटतं हे तिला कळलं होतं. गाडीत फावडं, साखळ्या, दोन ब्लँकेटं, बिस्किटं. घरात मेणबत्त्या, भरलेल्या बादल्या, गव्हाच्या पिशव्या. या पिशव्या गरम करून पायाशी घेतात. एका पिशवीला भोक पडून गहू सांडला, आणि मी तो निवडायला बसले तेव्हा रुचा म्हणाली, "आई, तो खायचा नाहीये." मी म्हटलं, माहीत आहे, तरी निवडते.

शुक्रवारी एक वाजता काका कपडे बदलायला घरी आला. बाहेर वारा नव्हता. आभाळ खाली आलं होतं, शेगडीच्या धुराडातला धूर वर न जाता अंगणात लोळत होता. त्याने उभ्याउभ्याच पोळी-भाजी खाल्ली. फोन वाजत होते. एका फोनवर कोणी तरी मोठ्याने बोलत होतं, मालाचे ट्रक अडकतील, संध्याकाळपर्यंत थांब, असं काहीतरी. हा ऐकत होता.

फोन ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं काही विचारणार. मी आधीच बोलले, "बंद करून टाक. लोक बोलले तर बोलू देत. जीव तर जाणार नाही."

हे मी बोलायला नको होतं. तो माझ्या सांगण्यावरून रस्ता बंद करणारा नाही, नियम आणि आकडे बघूनच त्याने केला. पण ते वाक्य त्याच्या डोक्यात घालण्याची गरज नव्हती. तीन वाजता दोन्ही फाटकं लागली. ओहाकुनेकडून जाणारा बाजूचा रस्ताही दरड कोसळल्यामुळे त्याच आठवड्यापासून बंद होता. उत्तरेकडून ताइहापेला यायचं तर आता नेपियरवरून, दिवसभराचा वळसा.

रात्री वारा सुटला. पाऊस पत्र्यावर वाजत राहिला, बर्फ पडला की हा आवाज बंद होतो असं रुचाने सांगितलं होतं. आवाज बंद झाला नाही.

शनिवार

सकाळी ऊन पडलं होतं. अंगण ओलं, छपरं ओली, आणि रुआपेहू पहिल्यांदाच मला दिसला, पांढराशुभ्र, जणू आपला काही संबंधच नाही. वर डोंगरावर पडायचं ते पडलं होतं. रस्त्यापर्यंत खाली आलंच नाही. आधी पाऊस येऊन गेला, थंडी मागून आली. चुकामूक.

तरी काकाने रस्ता लगेच उघडला नाही. ओल्या रस्त्यावर पहाटेची थंडी बसलेली, प्रत्येक वळण पायी तपासून मगच, असं त्याने ठरवलं. सगळ्यांत उंचावरच्या भागात पातळ थर सापडले, त्यावर खडी टाकून घेतली. फाटकं उघडायला एक वाजला. तोपर्यंत खालचा सगळा रस्ता कोरडा ठणठणीत होता.

तो परतल्यावर दूध आणायला मी त्याच्याबरोबर पेट्रोल पंपावर गेले. एका ट्रक ड्रायव्हरने काच खाली केली. "ए निक, सांभाळून जा हां, बर्फ फार आहे," म्हणाला, आणि उन्हाकडे डोळे बारीक करून बघितलं. बाजूचे दोघे हसले. काकाने हात वर केला आणि पेट्रोलचा पाइप जागेवर लावला.

घरी आल्यावर तो जेवला नाही. मी घड्याळाकडे बघत होते. दहा कधीच वाजून गेले होते, दगडावरचं कापड निघालं असणार, जेवणंही झाली असणार. शनिवार गेला, असं मी मनाशी म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

रविवार

चारच्या सुमाराला दार वाजलं. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस, हातात चांदीच्या कागदाने झाकलेला मोठा ट्रे. न सांगता त्याने बूट दारात काढले. तिकडेही काढतात.

काका टेबलाशी बसला होता. तो उठून उभा राहिला आणि उभाच राहिला.

"किआ ओरा, निक," वीरेमू म्हणाला. तो इंग्रजीत बोलत होता, मी मराठीत लिहिते आहे. "काल तुझं ताट वाढून ठेवलं होतं. आला नाहीस, म्हणून घेऊन आलो."

"काल काय होतं?"

वीरेमूने माझ्याकडे बघितलं. फोनवरची ती मीच, हे त्याने ओळखलं असावं; मी अजून एक शब्दही बोलले नव्हते, पण घरात दुसरी आंटी नव्हती. रुचा ओट्याशी पाठ करून उभी होती. मी खणातून वही काढून टेबलावर ठेवली.

"निरोप मी घेतला होता," मी इंग्रजीतच सांगितलं, दोघांना कळावं म्हणून. "विसरले नाही. मुद्दाम दिला नाही."

"का?" काकाने मराठीत विचारलं.

"मला वाटलं, हे तुला बोल लावायला बोलवतायत."

ते मी वीरेमूला इंग्रजीत सांगितलं. तो बसला. ट्रेवरचा कागद सारखा केला.

"आंटी," तो म्हणाला, "बोल लावायचा असता तर वर्षभर थांबलो असतो का? मी इथून दोन गल्ल्या पलीकडे राहतो."

रुचाने चहा आणून ठेवला, त्याने त्यात तीन चमचे साखर घातली.

"सगळे पोचले का?" काकाने विचारलं.

"सासूबाई नाही पोचल्या. रोटोरुआहून पहाटे निघाल्या, रांगिपोच्या फाटकाशी तीन तास थांबल्या. नेपियरवरून यायचं तर आणखी सहा तास. ब्याऐंशी वय. परत गेल्या."

"फाटक मी लावलं होतं."

"माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे."

"काय म्हणाल्या त्या?"

वीरेमूने चहा ढवळणं थांबवलं. "म्हणाल्या, लावलं ते बरं केलं. गेल्या वर्षी लावलं असतं तर मला या कार्यक्रमाला यावंच लागलं नसतं." मग तो म्हणाला, "त्या तशाच आहेत, तोंडावर बोलतात. तुझ्यापासून लपवून काय करू? तुझ्यापासून लपवणारे आधीच घरात आहेत."

काका खुर्चीची पाठ धरून उभा होता.

"मी बोलावलं होतं ते वेगळ्यासाठी," वीरेमू म्हणाला. "त्या सकाळी तिच्याजवळ फक्त तू होतास. अँब्युलन्स यायच्या आधी. पोलिसांनी मला वेळा सांगितल्या. किती वाजता फोन, किती वाजता कोण पोचलं. मला वेळा नकोत."

काका तिच्यापर्यंत सगळ्यांत आधी पोचला होता, हे मला माहीत नव्हतं. रुचाला माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. काका मागच्या दाराने बाहेर गेला. लाकडं रचल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला; ती मी सकाळीच रचलेली होती.

वीरेमूने चहा संपवला. ट्रेमध्ये रताळी, डुकराचं मांस आणि आपल्या भटुऱ्यासारखे तळलेले पाव होते. रुचा मांस खात नाही हे कळल्यावर त्याने स्वतः उठून पाव वेगळ्या ताटलीत काढून दिले. जाताना मागच्या दाराशी जाऊन म्हणाला, "उद्या सकाळी फोटो काढायला जातोय, सासूबाईंना पाठवायला. यायचं तर ये." आणि मला म्हणाला, "तुम्हीसुद्धा, आंटी."

त्या संध्याकाळी काका मला एकच वाक्य बोलला. "मला विचारायचं होतंस, आई." मी हो म्हटलं.

सोमवार

रात्रभर आभाळ स्वच्छ होतं, त्यामुळे सकाळ सगळ्या मुक्कामातली सर्वांत थंड. गवताची पाती एकेक करून पांढरी, पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज. दफनभूमी वायऊरूच्या वाटेवर एका उतारावर आहे, तारेचं कुंपण, लाकडी फाटक, पंधरा-वीस दगड. आरोहाचा काळा, नवा, त्यात तिचा फोटो बसवलेला. गोल चेहरा, डोक्यावर लोकरीची टोपी. हसत नव्हती, पण हसणारच होती असं वाटत होतं.

वीरेमूने फोटो काढले. काका दगडासमोर उभा राहिला. मी हात जोडले. दहा मिनिटांत आम्ही फाटकाकडे निघालो. मला वाटलं, झालं, एवढंच होणार.

फाटकाशी एक नळ आहे. दफनभूमीतून बाहेर पडताना हातावर पाणी घेतल्याशिवाय कोणी जात नाही; आपण स्मशानातून आल्यावर पाय धुतो तसंच. मला ते कोणी समजावून सांगायला लागलं नाही. वीरेमूने नळ फिरवला. पाणी आलं नाही. नळाच्या तोंडाशी बर्फाचा खडा होता.

"गाडीत बाटली आहे," मी म्हणाले.

"थांबू या," वीरेमू म्हणाला. "ऊन येतंय."

आम्ही तिघं नळाशी उभे राहिलो. बाहेर पडता येत नव्हतं, आत काही करायचं नव्हतं. उतारावरून ऊन हळूहळू खाली सरकत होतं. काका त्या नळाकडे बघत होता, जसा तो घरी लॅपटॉपकडे बघतो. मग बोलायला लागला, इंग्रजीत, नळाकडेच बघत.

"दार उघडत नव्हतं. मी मागच्या खिडकीतून आत गेलो. ती शुद्धीवर होती. थंडी वाजतेय म्हणाली, मी माझं जॅकेट घातलं तिला. गाडीतला रेडिओ चालूच होता. आजचा दिवस छान आहे असं सांगत होता. ती म्हणाली, तो बंद कर आधी. मी बंद केला."

वीरेमू मान हलवत होता.

"मग विचारलं, तू कुठला? मी म्हटलं, मिरज. ते कुठे आलं? मला काही सुचेना, मी म्हटलं, तिथे सतारी बनवतात. सतार म्हणजे काय, तर मी हाताने आकार करून दाखवला, एवढा भोपळा, एवढी लांब दांडी. ती म्हणाली, माझ्याकडे गिटार आहे." काका थांबला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त फार हळू. "म्हणाली, गिटारची एक तार तुटलीय. तीन आठवडे झाले नवऱ्याला सांगतेय. रोज गावात जातो आणि रोज विसरून येतो."

वीरेमूच्या तोंडून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की दुसरा कसला, ते मला सांगता येणार नाही. त्याने कुंपणाच्या खांबाला हात टेकला.

ऊन नळापर्यंत आलं होतं. खडा गळून पडला, आधी थेंब, मग बारीक धार लागली. माझा हात आपोआप पुढे गेला होता. मी तो मागे घेतला. त्या दोघांपैकी कोणीच पाण्याकडे बघत नव्हतं.

"मग?" वीरेमू म्हणाला. "मग काय म्हणाली?"